रहिमान मास्तरांचं पाणी

रहिमान मास्तर तासाभराच्या शिकवणीत सात तांबे पाणी प्यायचे. मी मोजलेत. आमच्या घोडेगावात एवढं पाणी प्यायचा तो बाजाराला आलेला बैल, नाहीतर मास्तर. त्यात बैल निदान समोर प्यायचा. मास्तर दर वेळी उठून पडद्यामागं आतल्या खोलीत जायचे आणि मिशा पुसत बाहेर यायचे.

"विद्या लई उष्ण असते, भिवा," म्हणायचे. "वरून पाणी सोडावं लागतं."

मला ते पटायचं. माझ्या अंगात विद्या नव्हती आणि मला तहानही बेताचीच लागायची.

लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळेना, म्हणून शिकवणी भर दुपारी. मी पंचवीस वर्षांचा घोडा, जनावरांच्या बाजारात दलाल. एकदा कचेरीतल्या कारकुनानं चार माणसांत "या आंगठेबहाद्दर" म्हणून मला हाक मारली. आंगठ्याची शाई धोतराला पुसली आणि तसाच मास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिलो. पुन्हा आंगठा देणार नाही म्हणजे नाही.

मास्तरांचा थाट बघण्यासारखा. उन्हाळ्यातसुद्धा काळा कोट. खिशाला दोन फौंटनपेनं, एक मराठीचं, एक इंग्रजीचं. शाई दोन्हींत नसायची. चष्मा कायम कपाळावर. दारावर पाटी, 'रहिमान मास्तर. मराठी, इंग्रजी, हिशेब.' त्या पाटीचं अक्षर बघायला वाटसरू थांबायचे.

"मास्तर, हे कोणतं अक्षर?"

"तूच सांग."

"मला येत असतं तर आलो असतो व्हय?"

"हां. घसा सुकला बघ."

मग माझी पाटी काखेत मारून पाणी प्यायला आत. बाहेर आले की पाटीवरच्या चुका दुरुस्त झालेल्या असायच्या, आणि ते अक्षर असं ठणकावून सांगायचे की भिंतीलाही पाठ व्हावं. गावातली पत्रंही तेच वाचायचे, पण आत नेऊन. "आत उजेड बरा हाय," म्हणायचे. आतल्या खोलीला खिडकी नव्हती, हे सगळ्या गावाला ठाऊक. पण मास्तर म्हणतात, म्हणून आम्ही उजेड मानला.

आता माझं ऐका. बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. कुणी किती बोटं दाबली, ते मी दहा पावलांवरून नुसत्या खांद्याकडं बघून सांगायचो. आणि असा मी वर्षभर तांबे मोजत बसलो!

पुढं मास्तरांची बायको तापानं पडली. भाभींचं तोंड मी कधी बघितलं नव्हतं, पडद्यामागून बांगड्या तेवढ्या ऐकलेल्या. त्यांच्या भावानं त्यांना नगरच्या दवाखान्यात नेलं. त्या दिवसापासून मास्तरांची तहानच गेली. तीन आठवडे नुसती बाराखडीची उजळणी.

"मास्तर, पाणी नाही घेतलं?"

"आज गारठा हाय," ते म्हणाले. वैशाखात!

आणि एके सकाळी मास्तर माझ्या दारात. ते कधी कुणाच्या दारात जायचे नाहीत. कोटाची बटणं वरखाली लावलेली.

"भिवा, आज तुझी परीक्षा." त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं. घामानं मऊ पडलेलं, कडा विसविशीत.

"कधी आलं हे?"

"परीक्षेत सवाल मास्तर विचारतो. वाच."

अक्षरं मोठाली, सुटी सुटी. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. "मी बरी आहे. ताप गेला. सोमवारी घरी येते. भाकरी करपवू नका, शेजारून घेऊन खा. भिवाला बाराखडी आली. पुढचा धडा मी आले की घेऊ. हे भिवाकडून वाचून घेणे. तो कुणाला सांगणार नाही."

माझं बोट तिथंच थांबलं. हे अक्षर दारावरच्या पाटीवर होतं. माझ्या पाटीवर रोज होतं. सातही तांबे एकदम डोक्यावर ओतल्यासारखं झालं मला. वर्षभर मला शिकवलं कुणी, आणि नमस्कार मी घातला कुणाला!

मास्तर जमिनीकडं बघत उभे. पोस्टमन कार्ड टाकून दोन दिवस झाले होते. सगळा गाव ज्याच्याकडून पत्रं वाचून घेणारा, त्यानं आपलं पत्र न्यावं कुणाकडं? बायको जगली का गेली, ते दोन दिवस खिशात घालून माणूस हिंडत होता.

राग आला होता, खोटं कशाला सांगू. मला, बाजारातल्या दलालाला, फसवलं! पण तोंड न बघता त्या बाईनं मला ओळखलं होतं. मी खांद्यावरचं उपरणं काढलं, मास्तरांच्या हातावर टाकलं आणि खालून त्यांची बोटं दाबली. उपरण्याखालचं बाहेर येत नसतं. त्यांनीही दाबली. आता दोघंही गेली, म्हणून लिहितोय, ते बी माझ्या हातानं.

"पास का मास्तर?"

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "उच्चार कच्चे हायेत. परत वाच."

मी वाचलं.

"'बरी आहे' ला घाई करतोस. परत."

सात वेळा वाचून घेतलं. सातव्यांदा म्हणाले, "लई उष्ण झालं रे." मी तांब्या भरून दिला. माझ्यासमोर, पहिल्यांदाच, घटाघटा प्यायले.