एकच घागर

शेवंताआक्काच्या दारात कुणीही आलं तरी ती आधी नाव विचारत नाही. पाण्याचा तांब्या पुढं करते आणि पिऊन होईपर्यंत तोंडाकडं बघत उभी राहते. पोस्टमन, सिलिंडरवाला, मतं मागायला आलेला पुढारी, कुणाचीच सुटका नाही. "प्या, प्या. तुमच्या नळाला येतं त्येच पाणी हाय," म्हणते.

मी तिची शेजारीण. विड्या वळते. निपाणीजवळच्या या गावात बौद्धवाड्यात आमची घरं. आक्का तरुणपणी तंबाखूच्या वखारीत होती. तिथं आमच्या बायकांना पाणी वरून ओंजळीत ओतायचे. आता तसं कुणी करत नाही. वरच्या गल्लीतल्या बायका येतात, हसतात, बोलतात. पाणी म्हटलं की, "आत्ताच च्या झालाय गं."

यंदा दिवाळीनंतर परदेशातली काही कॉलेजची पोरं आली, आमच्या शाळेच्या भिंती रंगवायला. दुपारचं जेवण आक्काकडं. भाकरी थापायला मी. बोलणं समजावून सांगायला बेळगावच्या एक मॅडम.

पहिल्याच दिवशी आक्कानं तांब्या पुढं केला. लेना नावाच्या मुलीनं हात जोडले आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढली. बाकीच्यांनीही तसंच केलं. आक्काचा हात पुढंच राहिला.

मॅडम घाईनं म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका, आक्का. डॉक्टरांनी सांगितलंय त्यांना, पाणी बदललं की पोट बिघडतं."

"व्हय? आणि वरच्या गल्लीला कुठल्या डॉक्टरनं सांगितलंय?"

हे काही मॅडमनी पोरांना सांगितलं नाही.

जेवण झालं की पोरं गोल करून बसायची. मी कोण, जन्मानं मला काय आपोआप मिळालं, दुसऱ्याला काय मिळालं नाही, असं बोलायची. लेना तर रडायचीसुद्धा. आक्का माझ्या कानात म्हणायची, "बोलून बोलून घसा सुकला बघ पोरीचा. तरी बाटलीच."

एकदा त्यांनी आक्कालाच विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी कोण त्ये गावाला आधीच ठावं हाय. मला कुणी इचारलंच न्हाय. म्हणून तर तांब्या धरून हुबी ऱ्हाते."

हे मात्र मॅडमनी सांगितलं. लेना उठली, घागरीतून तांब्या भरला आणि तोंडाला लावणार, तोच आक्कानं तो हिसकावून घेतला.

"पोट बिघडलं म्हंजे? आई हाय व्हय हितं तुझी?"

मी हळूच म्हटलं, "आक्का, त्यांच्यापुरतं उकळून वेगळ्या भांड्यात ठेवू की."

"येगळं भांडं?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "माझ्या घरात?"

दुसऱ्या दिवशी तिनं घरातलं सगळंच पाणी उकळलं. घागर एकच ठेवली. लेना प्यायली, मग सगळी प्यायली. आक्का एकेकाचं तोंड बघत होती. शेवटी स्वतः प्यायली आणि तोंड वाकडं केलं. "मेलंय गं ह्ये पाणी."

पोरं गेली. भिंतींचा रंगही आता धुळीनं मळला. आक्का अजून रोज पाणी उकळते. धुरानं खोकते. मी सांगून दमले.

"आता कशाला गं, आक्का? कोण येणार हाय?"

"माणसं काय सांगून येत्यात व्हय? आली तर काय, पाणी निवूस्तर थांबा म्हणू?"

असं म्हणून तांब्या माझ्यापुढं करते. मी पिते. पिऊन होईपर्यंत ती तोंडाकडं बघत उभी असते. माझ्यासुद्धा.