फितूर फेसाची हकीकत

दमात दम असलेल्या समस्त वाचकांस हा मजकूर सादर. मोहिमेपूर्वीच प्रयोगशाळेच्या थोरल्या ताईसाहेबांचे फर्मान सुटले होते, की परीक्षेच्या काचनळ्यांस साबण लावू नये, गरम पाण्यानेच खळबळून घ्याव्या. परंतु बाळंतपणाची रजा संपवून चाकरीवर नुकत्याच रुजू जाहलेल्या, जंतूंच्या जन्मवैरी, ऐशा आमच्या बाईसाहेब मनी म्हणाल्या, ‘नुसत्या पाण्याने कुठे जंतू मरतात?’ आणि लेकराच्या बाटल्यांचा साबण घरून आणून मांडणीवरच्या समस्त नळ्या घासत्या जाहल्या, आणि वर स्वतःस शाबासकीही देत्या जाहल्या.

तो खालच्या वॉर्डातून खबर आली, की दिवस भरण्याआधी जन्मलेले एक बाळराजे श्वासासाठी झुंजत आहेत. फुप्फुसांतल्या इवल्या फुग्यांस पृष्ठताण नामे गनीम आतून मिटवू पाहतो, आणि त्यास नरम करणारा स्निग्ध द्रव अंगी नसेल तर दर श्वासास तोच गड पुन्हा जिंकावा लागतो. सबब गर्भात असता फुप्फुसांतून येऊन गिळले गेलेले बाळराजांच्या पोटातले पाणी अल्कोहोलात हलवून पाहावे, फेस टिकला तर द्रव मुबलक, न टिकला तर औषधाची कुमक तातडीने धाडू, ऐसा डॉक्टरांचा हुकूम.

बाईसाहेबांनी नळी हलविली, आणि फेस ऐसा माजला की बुडबुड्यास बुडबुडा रेटू लागला. मग कुमक नको, ऐसे कळविण्यास फोन उचलला, तो नजर शेजारच्या नळीवर गेली. तीत बाळराजांचा थेंबही नव्हता, ती नुसते अल्कोहोल भरून, केवळ ताळा पाहण्यासाठी सोबत हलविलेली. आणि तीही ऐटीत फेसाळलेली! बाईसाहेबांनी फोन तसाच खाली ठेविला.

“ताई, हा माझ्या साबणाचा फेस आहे हो!”

“मग रडतेस काय? माझ्या खणातल्या नळ्या घे. आणि हात धू. पाण्याने, बाई, पाण्याने!”

मग नव्या नळ्या हलविल्या, आणि दोहींत एकही बुडबुडा तगला नाही. खबर खाली गेली, औषध श्वासनळीतून उतरले, मिटलेले फुगे उघडले, आणि सायंकाळपावेतो बाळराजांचे निळे ओठ गुलाबी जाहले. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. साबणाची बाटली कैद होऊन घरी रवाना.

हे लिहिते समयी बाईसाहेबांचे लेकरू आतल्या खोलीत निजले आहे. बाईसाहेब आत्ताच पाहून आल्या, त्याआधीही आल्या, आणि पुन्हा उठल्या तर यजमान हसतील. तरी वाचणाऱ्याने कृपा करून पाय न वाजविता आत जावे, आणि त्याचे पोट वरखाली होते आहे ना, एवढे पाहून यावे.