अर्धा चौरस मीटर

कुलूपवाल्याने पलंगाची जागा सोडून खोली तिसऱ्यांदा मोजली, तरी ती साडेवीसच भरली.

"टेप जरा आत ओढून धरा ना," बायको म्हणाली.

"टेप ओढली म्हणून भिंत आत येत नाही."

सरकारच्या परवडणाऱ्या घरांच्या योजनेत त्यांचा अर्ज शेवटच्या टप्प्यावर आला होता. अट एकच उरली होती: सध्याच्या घरात मोकळी जागा वीस चौरस मीटरपेक्षा कमी हवी. दोन मुली, सासूबाई आणि हे दोघं पाच वर्षं त्या एका खोलीत एकमेकांचे पाय चुकवत राहत होते. घरमालक मात्र दर वर्षी न चुकता भाडं वाढवत होता. आता अर्ध्या मीटरसाठी घर हातचं जाणार होतं, आणि तपासनीस अकरा वाजता येणार होता.

सासूबाईंनी चष्मा लावून पत्रक वाचलं. "जमिनीला टेकलेलं सामान वजा, असं लिहिलंय. पलंग तर धरलाच आहे, मग अजून काहीतरी टेकवा की."

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी आपलं लाकडी कपाट आनंदाने दिलं. चौघांनी ते धापा टाकत खाली आणलं आणि दाराशेजारीच उभं केलं, कारण त्यापुढे ते जाईना.

तपासनीस वेळेवर आला. हडकुळा, इस्त्री नसलेल्या शर्टातला. "कपाट तुमचंच?"

"माझ्या लग्नातलं," सासूबाई म्हणाल्या.

त्याने कपाटाची लांबी-रुंदी लिहून घेतली. "मागची भिंत बघायचीय. जरा सरकवता?"

कुलूपवाल्याने खांदा लावला. कपाट ढिम्म. बायकोने खांदा लावला. शेवटी सासूबाईंनी लावला, तेव्हा ते हललं, कललं आणि आत उघडणाऱ्या दारावर गच्च अडकून बसलं. खोलीबाहेर जायची वाटच बंद झाली.

"तुम्ही कुलूपवाले ना?" तपासनिसाने आशेने विचारलं.

"कुलूप उघडतो, साहेब. कपाट नाही."

आवाज ऐकून जिन्यात माणसं जमली. दाराबाहेरून मास्तरांचा काळजीचा स्वर आला, "माझं कपाट सांभाळा बरं का. आमच्या वडिलांचं आहे."

तपासनिसाने सासूबाईंकडे पाहिलं.

"त्यांच्याच वडिलांनी दिलं होतं मला," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मग परत नेलं."

"सामान कोणाचं असावं, हे नियमात लिहिलेलं नाही," तपासनीस म्हणाला. त्याने वजाबाकी केली. पावणेवीस. खाली शिक्का मारला. बायको हसत सुटली.

सुताराला बोलावणं गेलं. तोवर तपासनीस पलंगाच्या कडेला टेकला. "पाणी येतं का?"

अजून तपासणी चालू आहे, असं बायकोला वाटलं. "कसलं येतंय. थेंब थेंब."

"ऊन?"

"वर्षानुवर्षं बघितलं नाही," ती म्हणाली. ऊन तेव्हा त्याच्याच टकलावर पडलं होतं.

तपासनीस ओशाळून हसला. "नाही, मी आपल्यासाठी विचारतोय. तिघांच्यात एक खोली आहे आमची. या योजनेत बसायला माझा पगार थोडा जास्त पडतो, आणि बाजारात घर घ्यायला फारच कमी. तुम्ही गेलात की ही खोली मिळेल का?"

"अहो, ऊन कसलं येतं म्हणून सांगू," सासूबाईंनी लगेच सूर बदलला. "आणि पाणी तर आवरत नाही."

बाहेर घरमालकही येऊन उभा होता. "नव्या माणसाला भाडं दीडपट पडेल," तो दाराच्या फटीतून म्हणाला.

तपासनिसाने कागदाच्या पाठीवर हिशेब केला आणि पुन्हा केला. मग फटीला तोंड लावून विचारलं, "अजून तीनशे वाढवता येतील का?"

बाहेर घरमालकाने फटीला कान लावला.

"निम्म्याहून जास्त पगार भाड्यात जात असेल, तर उत्पन्नाची अट माफ असते," त्याने कुलूपवाल्याला कुजबुजत सांगितलं. "मग मलाही अर्ज करता येईल."

सुताराने बिजागऱ्या काढून दार उतरवलं, तसा सगळ्यांच्या आधी घरमालक आत घुसला. आपण होऊन भाडं वाढवून मागणारा माणूस त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याने भिंती ठोकून बघितल्या, पलंगाखाली डोकावला, कपाटाचा वास घेतला.

"ही खोली मी देणार नाही," तो शेवटी म्हणाला. "मी स्वतःच राहायला येतो इथे."

"मग खालचं तुमचं मोठं घर रिकामं होईल," तपासनीस म्हणाला.

"ते तुम्हाला परवडायचं नाही. फार महाग आहे."

तपासनिसाने पेन उघडलं. "नक्की किती महाग?"