मोत्याला दिलेला वास

गाणीचोर पकडण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय, हे आधीच सांगून ठेवतो.

मी एका गाण्यांच्या कंपनीत आहे. लोक आमची गाणी फाइल-वाटपाच्या साइटवर टाकतात, बाकीचे ती फुकट उतरवून घेतात आणि मी ती काढायला लावतो. या साइटवाल्यांना आम्ही ऑफिसात ‘वाटपवाले’ म्हणतो. त्यांचं नि आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ते म्हणतात, आम्ही फक्त कपाट पुरवतो, आत कोण काय ठेवतं ते आम्हाला काय माहीत. आम्ही म्हणतो, मग कपाटच बंद करा.

माझ्या हाताखाली मोत्या आहे. मोत्या कुत्रा नाही, प्रोग्राम आहे. त्याला गाणं हुंगायला दिलं की तो इंटरनेटभर हिंडतो आणि तसाच आवाज सापडला की माझ्या सहीची नोटीस परस्पर धाडून देतो. आजवर त्याचं नाक कधी चुकलेलं नाही.

तर त्या मंगळवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“शुक्रवारी नवं गाणं येतंय. ते आधी फुटलं तर तुम्ही आणि मी, दोघंही घरी.”

“फुटतंय कसलं साहेब. फाइल द्या, मोत्याला हुंगवतो.”

“फाइल कोणालाही द्यायची नाही. गायिकेलाही दिलेली नाही.”

“पण तिनंच गायलंय ना?”

“एकेक ओळ वेगवेगळ्या दिवशी गाऊन घेतली, तीही उलटसुलट. गाणं कशाबद्दल आहे ते तिला अजून कळलेलं नाही.”

शेवटी तोडगा निघाला. साहेब आपल्या केबिनमध्ये बसून गाणं फोनजवळ वाजवणार, मी फोन स्पीकरवर ठेवून ते रेकॉर्ड करून मोत्याला ऐकवणार. आणि ऑफिसात फार कान, म्हणून हे काम मी घरून करायचं.

मी घरी आलो. बायको आतल्या खोलीत शिलाई मशीनवर बसली होती. तिला ‘जरा थांब’ म्हणावं असं एकदा मनात आलं. पण ती ‘का’ विचारणार, आणि गुपित म्हणजे गुपित! तसाच साहेबांना फोन लावला. तिकडे साहेबांनीही बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून गाणं अगदी बारीक लावलं होतं. इकडे मशीन खडखडत होतं. पण खरं सांगू का, इतक्या वर्षांच्या संसारात ते मशीन मला ऐकूच येईनासं झालंय. मोत्याचं मात्र लग्न झालेलं नाही.

बुधवारी सकाळी ऑफिसात जाऊन बघतो तर मोत्यानं थैमान घातलेलं. हजारो चोऱ्या सापडल्या होत्या. मी धावत साहेबांकडे गेलो. ते आधी पांढरेफटक पडले आणि मग हळूहळू खुलले.

“अजून बाजारात न आलेलं गाणं इतक्या जणांनी चोरलं? अहो, मग हे तुफान चालणार!”

“साहेब, काहींनी तर ते गेल्या वर्षीच टाकलंय.”

“बघा किती सराईत आहेत. आपण करायच्या आधीच चोरलं.”

“एखादं ऐकून बघू का?”

“चोरीचा माल ऐकायचा? कंपनीच्या नियमात बसत नाही ते. सरळ शेवटची ताकीद द्या. सोमवारी सकाळी खाती बंद आणि आतलं सगळं साफ.”

दुपारपर्यंत तक्रारी यायला लागल्या. एक चांभार म्हणत होता, मी चपला शिवतो, मी गाणं कधी म्हटलं? गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्यानं तर मला सरळ वेड्यात काढलं. चोर पकडला गेला की असाच कांगावा करतो, असं म्हणून मी सगळं बाजूला सारलं.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मशीन बंद होतं. बायको त्याच्यापुढे हात मांडीवर ठेवून बसली होती.

“अहो, मी चोर आहे म्हणे,” ती म्हणाली.

टेलरच्या दुकानातली नोकरी सोडून तिनं घरून शिवणवर्ग सुरू केलाय. धडे ती कॅमेऱ्यासमोर शिवून दाखवते आणि फाइली शिकणाऱ्या बायकांना पाठवते. पहिलीच तुकडी आहे, कॉलरपर्यंत आलीय. आता सोमवारी सगळे धडे पुसले जाणार होते, आणि त्यांची दुसरी प्रत तिच्याकडे नव्हती.

“तू धडे वाटपवाल्यांकडे ठेवतेस? माझ्या शत्रूंकडे?”

“एवढ्या मोठ्या फाइलींना फुकट जागा तेच देतात. तुमची कंपनी देते का? आणि ही नोटिशीखालची सही बघा. आपल्या लग्नाच्या दाखल्यावरही अशीच आहे.”

तिनं कॉलरचा धडा लावला. “यात तुमचं गाणं कुठे आहे ते दाखवा.”

खडखड, खडखड. चार टाके सरळ, मग एक अडखळलेला. मंगळवारी मोत्यानं हुंगलं होतं ते हेच.

गुरुवारी मी साहेबांना सगळं सांगितलं. ते डोळे मिटून बसले. मला वाटलं, आता नोकरी गेली.

“नोटिसा मागे घेतल्या तर वाटपवाले आपली धिंड काढतील,” ते म्हणाले.

“पण त्या लोकांकडे आपलं गाणं नाहीये, साहेब. नुसतं मशीन आहे.”

“मग आपल्या गाण्यात मशीन घालू. तुम्ही घरी केलेलं रेकॉर्डिंगच उद्या बाजारात आणायचं. आपल्याकडे खडखड, त्यांच्याकडे खडखड. चोरी सिद्ध!”

आणि ते गाणं आलं की हो! लागलीच डोक्यावर घेतलं लोकांनी. कोणी म्हणालं, असा ताल ऐकला नव्हता. मध्येच एक बाई “अहो, गॅस बंद करा” म्हणते, त्या जागेवर तर लोक फिदा झाले. एका समीक्षकानं लिहिलं, त्या तीन शब्दांत संसाराचं सगळं दुःख आलंय. तीन कसले? चार आहेत!

शुक्रवारी संध्याकाळी बायकोनं ते गाणं शांतपणे ऐकलं.

“हे माझं मशीन आहे.”

“मशीन काय, सगळी सारखीच.”

“बॉबिनची डबी चेपलीय, म्हणून पाचवा टाका अडखळतो. आणि गॅसचं मीच म्हणाले होते. तुम्ही उठला नव्हतात, दूध उतू गेलं होतं. माझा आवाज विकायला माझी परवानगी कोणी घेतली?”

मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाच प्रश्न मी रोज लोकांना विचारतो, त्याचाच तर पगार घेतो.

“नोटीस लिहा,” ती म्हणाली.

“मी? अगं, मी कंपनीचा माणूस आहे.”

“आणि माझे कोण आहात?”

मी निमूट लिहायला बसलो. आजवर इतकी झणझणीत नोटीस मी लिहिली नव्हती. पुरावा हवा म्हणून मोत्याला नुसतं मशीन हुंगवलं, तर तो धावत सुटला आणि पहिलं आमच्याच कंपनीवर भुंकला.

शनिवारी साहेबांनी तीच नोटीस माझ्यापुढे टाकली. “याला उत्तर द्या.”

“याला उत्तर नाही, साहेब. कुठेच फट ठेवलेली नाही.”

“लिहिणारा तरबेज दिसतो. शोधून काढा, आपल्याकडे घेऊ.”

त्याच दिवशी समझोता झाला. साऱ्या नोटिसा मागे घेतल्या, गाणंही बाजारातून काढलं. सोमवारी सकाळी बायकोचे धडे जिथल्या तिथे होते, आणि दुपारी तिच्या बायका कॉलर लावत होत्या. मशीनचा आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिच्यासाठी चहा टाकला.

गाणं आता फक्त वाटपवाल्यांकडे मिळतं. मी ते काढायला लावत नाही, कारण समझोत्यानंतर ते कंपनीचं राहिलेलं नाही. पण चाल भारी आहे हो, तोंडात बसलीय. परवा अंघोळ करता करता सहज गुणगुणायला लागलो, तर आतल्या खोलीतलं मशीन थांबलं.

“कोणाला विचारून?”

मी ओल्या अंगाला टॉवेल गुंडाळला आणि जाऊन दुधाखालचा गॅस बंद केला.