खंडेनवमीस सेवक निजविले, त्याची हकीकत

श्रीशारदेस वंदन करून, पाटीवरची धूळ पुसून, बाळांनो, हे लिहितो. शके एकोणीसशे पंचवीस, सुभानुनाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी, ते दिवशी टेबलावरील संगणकाच्या राज्यात जे वर्तमान जाहले ते ऐकावे. राज्य लहान, गादीवर आईसाहेब, दिवाण विसाजीपंत, आणि पडद्याआड न दिसणारे सेवक पुष्कळ. कोणी दप्तराच्या नकला करून ठेवी, कोणी छपाईचे हुकूम यंत्राकडे पोहोचवी. पडद्याच्या तळपट्टीवर उजव्या कोपऱ्यात देवडी, तेथे देवजी नाईक बसत. सेवक जागा तर हिरवा दिवा, निजला तर लाल. टिचकी मारावी आणि मग नाईक म्हणाल त्यास उठवीत अथवा निजवीत. आईसाहेबांस मुलांचा लोभ फार. जन्मभर रचलेली कोडी त्यांनी संगणकात उतरविली होती, आणि दसऱ्याच्या पाटीपूजनास प्रत्येक पाटीवर कोड्यांचे पान ठेवू, असा मुलांस शब्द दिला होता. इकडे विसाजीपंतांनी खंडेनवमीची पूजा मांडिली, माऊसवर झेंडू वाहिला, आणि मग मनी आले की आज हत्यारांस विश्रांती, तर सेवकांस का नसावी? म्हणून देवडीवर गेले आणि सर्वांस निजविले. नाईक म्हणाले, "पंत, सर्वांस?" पंत म्हणाले, "सर्वांस. तुम्हीही पडा घटकाभर." "मी पडलो तर दिवा कोण दाखवील?" असे म्हणून नाईक बसून राहिले.

सांजेस पंतांनी छपाईचा हुकूम दिला. यंत्र हलेना. पुन्हा दिला, आणि पुन्हा, आणि मग रागाने देतच राहिले. आईसाहेब आल्या आणि म्हणाल्या, "विसाजी, मुले उद्या सकाळी येतील. मी त्यांस काय सांगू?" मग आईसाहेबांनी कोपऱ्याकडे पाहिले. "देवजी, दिवा कोणता?" "लाल, आईसाहेब. पंतांनी सणाची सुट्टी दिली आहे." आईसाहेब हसल्या. "पंत, जो दिसत नाही, त्यास सुट्टी देण्याआधी विचारावे तरी." नाईकांनी छपाईच्या सेवकास उठविले, आणि त्याच्या झोळीत साठलेले सगळे हुकूम एकदम बाहेर पडले. यंत्र थांबेना. कोरे कागद संपले, मग जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठी कामी लागल्या. दसऱ्यास प्रत्येक मुलाने ओंजळभर पाने नेली, आणि शेजारीपाजारी, मामाच्या गावी वाटली. आनंद थोर जाहला, त्या गडबडीत नकला करणारा सेवक मात्र निजलेलाच राहिला, त्याचा लाल दिवा कोणी पाहिला नाही.

पुढे काही वर्षांनी संगणक अचानक बुडाला. नकलांचा सेवक अजून निजलेलाच, म्हणून नक्कल नव्हती, कोडी गेली. आईसाहेब दोन दिवस जेवल्या नाहीत. मग एकेक करून थोर झालेली मुले आली, कोणी ट्रंकेतून, कोणी देव्हाऱ्यातून पान आणिले, हळदीचे डाग पडलेले, आणि कोडी पुन्हा जुळली. आईसाहेब म्हणाल्या, "विसाजी, तुमच्याच एका चुकीने बुडविले आणि दुसरीने तारिले." पंतांनी मान लवविली.

तात्पर्य इतकेच की राज्य न दिसणाऱ्यांवर चालते. आता देवडी बाणाच्या खुणेमागे लपली आहे, नाईक क्वचित दिसतात. बाळांनो, संगणकापाशी बसाल तेव्हा एकदा कोपऱ्यात पाहावे, दिवा हिरवा असेल तर मनोमन रामराम करावा. आम्ही अजून करतो.