इंजेक्शन घेणारी गाडी

मोटारीखाली उताणं पडून तिच्या पेट्रोलच्या टाकीला स्टेथोस्कोप लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा शेजारी निघाला. हळ्ळीखेडच्या शाळेत मी नवा मास्तर. पहिल्याच सकाळी कुंपणापलीकडे दोन पाय दिसले आणि आवाज आला, "मास्तर, जरा गप ऱ्हावा. नाडी बघायलोय."

हे डॉक्टरअण्णा. तीस वर्षं सरकारी गुरांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. म्हशींशी ते कन्नडमध्ये बोलत, म्हशींच्या मालकांशी दखनीत आणि मोटारीशी मात्र घरच्या मराठीत. मोटार निळी, जर्मन; हैदराबादच्या कुठल्याशा नवाबाच्या वारसानं विकायला काढलेली. गावातल्या जीपांना कार्ब्युरेटर होता, हिला नव्हता. हिच्या इंजिनात पेट्रोल थेट टोचलं जायचं, आणि अण्णा भाळले ते एवढ्याच गुणावर. "जीपला नळीनं पाजतेत. ही इंजेक्शन घेणारी हाय," असं ते येईल त्याला ऐकवत. ऐकणाऱ्याला घाई असली तर दोनदा ऐकवत.

टाकीपाशी हिचा विजेवर चालणारा पंप होता. किल्ली फिरवली की तो गुणगुणायचा. अण्णांच्या भाषेत, "रवंथ करायलीय." एक दिवस तो रवंथ थांबला. हुमनाबादहून मेकॅनिक आला. त्यानं बॉनेट उघडून बराच वेळ कार्ब्युरेटर शोधला, तो चोरीला गेल्याचं जाहीर केलं आणि चहा पिऊन निघून गेला.

अण्णांचा एकुलता एक मुलगा प्रकाश पुण्यात इंजिनिअर होता. चार वर्षांत तो गावाकडे फिरकला नव्हता. घरात अण्णा एकटेच. त्यांनी पंपाचा नंबर पत्रानं कळवला, तर 'बघतो' एवढंच उत्तर आलं. महिनाभर वाट पाहून ते तार करायला गेले. आमच्याकडे नुसतं पंप म्हटलं की विहिरीवरचा. घोटाळा नको म्हणून अण्णांनी मुद्दाम बजावून लिहायला लावलं, 'पेट्रोल पंप पाहिजे. निकड आहे.'

चौथ्या दिवशी प्रकाश दारात हजर. बापानं या वयात हमरस्त्यावर पेट्रोल पंप काढायचा घाट घातलाय, या धसक्यानं तो रजा टाकून आला होता. खरा प्रकार कळल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. मग येतोच आहे म्हणून बरोबर आणलेलं एक खोकं पिशवीतून काढलं. नवा पंप तीन आठवडे त्याच्या कपाटात पडून होता, पाठवायला सवड झाली नव्हती. सकाळी बसवतो आणि दुपारच्या बसनं जातो, असं त्यानं सांगितलं. अण्णा नुसतं "व्हय" म्हणाले.

सकाळी बॅटरीची तार सोडली. अण्णांनी गुरांच्या ऑपरेशनचा चिमटा आणून पेट्रोलची नळी अशी आवळली की थेंब गळला नाही. प्रकाशनं जुना पंप काढला, पंपावरच्या बाणाची दिशा बघून नवा बसवला. बाप पाना देत होता, मुलगा घेत होता, आणि दोघं गाडीखाली सारखे बोलत होते. मला बाहेरून फक्त चार पाय दिसत होते, पण फार बरं वाटत होतं.

बॅटरी जोडून प्रकाश हात धुवायला मोरीत गेला, तशी अण्णांनी किल्ली फिरवली. पंप छान गुणगुणला. मी काही बोलणार, तोच त्यांनी किल्ली बंद केली, डॅशबोर्डखालचा एक फ्यूज उपटला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

"पोराला बोलू नगा, मास्तर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "दोन दिस ऱ्हाऊ द्या त्याला."

प्रकाशनं येऊन किल्ली फिरवली. काहीच नाही. तो पुन्हा गाडीखाली शिरला आणि दुपारची बस गेली. पंप कामून बोलंना कुणास ठाऊक, असं म्हणत अण्णाही त्याच्याशेजारी जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. पोराची रजा बुडत होती आणि पाप माझ्या माथी. अण्णा बाजारात गेलेले बघून मी प्रकाशला गाठलं आणि घसा खाकरला.

"फ्यूजचं सांगायला आलाव व्हय?" तो म्हणाला. "मी पयल्याच दिवशी बघितलो. इंजिनिअर हाय की मी."

"मग?"

तो चांगला स्वच्छ असलेला पाना उगाच पुसत राहिला.

"रजा आठ दिवस वाढवून घेतलोय. अण्णांला तेवढं बोलू नगा."