पाय वर, बाटली खाली

आजाऱ्याला नेमके काय हवे, हे आजाऱ्याखेरीज सर्वांना ठाऊक असते.

आमच्या काकांचा रक्तदाब घसरला आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवले, तेव्हा याचा प्रत्यय आला. तिथली खाट मोठी गुणी. कळ दाबली की डोके खाली, पाय वर. पायांतले रक्त हृदयाकडे धावते. हृदयाने ते नेटाने पुढे ढकलले, तर सलाईनचा उपयोग आहे. नाही ढकलले, तर नाही. म्हणजे एक थेंबही न देता, द्यावे की नाही याचा निकाल. (न देण्याची ही कला सरकारी कचेऱ्यांना पूर्वीपासून अवगत आहे, खाट तेवढी नवी.)

डॉक्टरबाईंनी कळ दाबली.

"जिवंतपणीच उलटं टांगताय का, बाई?" काकांनी खालून विचारले.

पडद्यावरचा रक्तदाबाचा आकडा ढिम्म हलला नाही.

"हृदय थकलंय," बाहेर येऊन बाई म्हणाल्या. "सलाईन दिलं तर पाणी फुप्फुसात साचेल. औषधानं दाब वाढवू."

बाहेर आम्ही अकरा नातेवाईक होतो आणि तेरा वैद्यकीय मते. (आत्याची तीन.)

"बाटली नाही म्हणजे उपचारच नाही!" आत्या म्हणाली. "शेजारच्या खाटेला दोन-दोन लागल्यात. भेटायला येणारे काय म्हणतील?"

बाई बधल्या नाहीत. त्या घरी जाताच थोरल्या जावयांनी व्यवस्थापकांना गाठले. व्यवस्थापक अनुभवी गृहस्थ. रुग्ण कशाने सुधारतो हे त्यांना सांगता येत नसे. नातेवाईक कशाने सुधारतात हे तोंडपाठ होते. ड्यूटीवरच्या शिकाऊ डॉक्टरला निरोप गेला. बाटली लागली.

गुण तत्काळ आला. आत्याच्या गालांवर लाली परतली. जावयांना भूक लागली. बाकावरील प्रकृतीत एकंदर नव्वद टक्के सुधारणा झाली.

काकांना धाप लागली. ओठ निळे पडले. "बसवा मला," ते कसेबसे म्हणाले, "बुडतोय मी."

फोन जाताच बाई धावत परत आल्या. बाटली काढली, खाटेची डोक्याकडची बाजू उभी केली, लघवीचे औषध टोचले, तोंडावर प्राणवायू लावला आणि सकाळपर्यंत खाटेशेजारच्या खुर्चीवरून उठल्या नाहीत.

काका वाचले. ते घरी आल्यापासून भेटायला येईल त्याला आत्या सांगते, "वेळेवर बाटली लावून घेतली म्हणून!" काकाही मान डोलावतात.

तुम्ही हसलात. पण मागच्या तापात डॉक्टर "घरीच पाणी प्या, विश्रांती घ्या" म्हणाले होते, तेव्हा डॉक्टर कोणी बदलला?